भिंतीतला रोसेंदो

नेलिदा चाल्लापाने हे मला मक्याची कणसं सोलता सोलता सांगितलं. माझी चार वर्षांची माइते तेव्हा नेलिदाच्याच खोलीत, भिंतीला पाठ लावून गाढ झोपली होती.

"त्या भिंतीत रोसेंदोचे कपडे आहेत," ती म्हणाली. "उशाकडच्या तीन पॅनेलांत. म्हणून ती बाजू जरा जास्त उबदार."

माझ्या हातातलं कणीस खाली पडलं. रोसेंदो तिचा नवरा. गेल्या वर्षी कोल्चानेच्या चढावर ट्रकसकट गेला. आठव्या दिवशी त्याचे कपडे आम्ही सगळ्यांनी मिळून गावाबाहेरच्या रेतीत जाळले होते. मी स्वतः तिथे उभी होते, डोळ्यांत धूर गेला होता माझ्या. मेलेल्याचे कपडे धुऊन जाळले की ते त्याला पोचतात आणि तो वाटेला लागतो. ठेवून घेतले तर दारातच घुटमळतो, हे आमच्या आल्तो ओस्पिसिओ गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"मग आपण जाळलं ते काय होतं?"

"ते होय? माळावरच्या टाकलेल्या कपड्यांच्या ढिगातलं. कुणा परदेशी माणसाची पँट, दोन शर्ट. त्या ढिगात कपड्यांना काय तोटा!"

"कोमाद्रे!" ती माइतेची धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो.

"अशी बघू नकोस. अकरा वर्षं म्हणत होता, उद्या भिंत भरतो, उद्या भरतो. फळ्यांच्या फटींतून रात्री वारा सुरीसारखा यायचा आणि ह्याचं आपलं उद्या. गेला तेव्हा म्हटलं, आता कुठे निघालास? आधी भिंत भर, मग जा."

आणि ती चक्क हसली. मी आत जाऊन माइतेला उचललं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला निजवलं. तिचा श्वास नीट चालला होता. तिची छाती नाजूक आहे. थंडीत धाप लागते, पण त्या भिंतीपाशी कधी लागली नव्हती. त्याचंच मला अधिक भय वाटलं.

"घाबरतेस काय?" नेलिदा दारातून म्हणाली. "लेकरांवर फार जीव होता त्याचा."

नेलिदा वर डोंगरातल्या कारिकीमाची, लामा राखणाऱ्यांच्या घरातली. पोरवयात खाली आली आणि बाजारात जुने कपडे विकायला बसली. इकीकेच्या बंदरात गासड्या उतरतात, चांगलं ते विकलं जातं, उरलेलं ट्रकने वाळवंटात ओततात. मग कुणीतरी त्याला काडी लावतं आणि आमच्या घरांवर काळा धूर साचतो. पुढे वस्तीजवळ एक शेड निघाली. तिथे हे कपडे फाडून, कापसासारखे पिंजून, खळ आणि टाकणखाराच्या पाण्यात कालवून दाबतात आणि भिंतीत बसवायची पॅनेलं करतात. दाबयंत्रावर उभी राहिलेली पहिली बाई नेलिदा. बटणं आणि चेनी उसवताना तिची बडबड चालू असे, "हा झगा बघ! किमतीची चिठ्ठी अजून लटकतेय. घातला नाही, विटला नाही आणि टाकला! कुठल्या देशात राहतात गं असल्या बायका?"

असल्या धीट बाईचा चेहरा पांढराफटक पडलेला मी पुढच्याच आठवड्यात पाहिला.

तिची सासू, दोन्या सातुर्निना, वरून बसने आली. माइतेला न्यायला मी गेले तेव्हा म्हातारी नुकती टेकली होती. चहाला हात न लावता म्हणाली, "रोसेंदो रोज स्वप्नात येतो. गोठ्यापाशी उभा असतो. उघडा. अंगावर चिंधी नाही. कुडकुडतोय माझा पोर. मी म्हणते, अरे, तुझे कपडे कुठे गेले? तर तोंड फिरवतो."

नेलिदाने हातातली किटली खाली ठेवली. नवऱ्याला थोपवून धरायचं एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिकडे तो उघडा पडेल, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. तिने सगळं सांगून टाकलं.

"भिंतीत?" म्हातारी उठून उभी राहिली. "निलाजरे! माझ्या पोराला भिंतीत कोंबलंस?"

नेलिदाने पहार आणली आणि भिंतीत घातली.

माइतेला शेजारी सोडून मी त्यांच्यामागून माळावर गेले. तिन्ही पॅनेलं रेतीवर रचली, म्हातारीने दारू शिंपडली, काडी ओढली. दारू भक्कन पेटून जळून गेली. पॅनेलं तशीच, नुसती काळवंडलेली. रॉकेल ओतलं. तेही जळून गेलं.

"जळत का नाही?" म्हातारीचा आवाज फाटला.

नेलिदाने काळवंडलेल्या पॅनेलावरून बोट फिरवलं. "टाकणखार. मीच घातलाय. घराला आग लागू नये म्हणून."

मला रडू कोसळलं. तो माणूस आता कधीच निघायचा नाही असं वाटलं.

"लहानपणापासून हट्टी," म्हातारी पॅनेलांना पायाने ढोसत म्हणाली. मग सुनेकडे वळली. "धुतले होतेस का कपडे?"

"यंत्रात जायचे कपडे कोण धुतं?"

"मग आधी धू. जाळणं नंतर."

पाणी आमच्याकडे टँकरने येतं. तरी तिने अख्खं पिंप रिकामं केलं, मी माझंही आणलं. पॅनेलं रात्रभर भिजली, खळ सुटली, टाकणखार पाण्यात उतरला. सकाळी आम्ही तिघी तो राखाडी लगदा कुस्करत, पिळत बसलो. कुठला धागा रोसेंदोचा आणि कुठला परक्याचा, काही कळत नव्हतं. पाणी पुन्हा पुन्हा बदललं. पत्र्यावर पसरलेला लगदा उन्हाने दुपारपर्यंत कडकडीत वाळला.

त्याच जागी पुन्हा काडी लावली आणि या वेळी भडका उडाला. ज्वाळांच्या कडा हिरव्या होत्या. हिरवी आग मी जन्मात पाहिली नव्हती. मी किंचाळून मागे सरले. म्हातारीने फक्त डोळे मिटले आणि पुटपुटली, "घाल बाबा अंगात. जा आता."

आग पेटती सोडून निघायचं आणि मागे वळून बघायचं नाही, असा रिवाज आहे. बघितलं तर जाणाऱ्याचा पाय अडखळतो. आम्ही निघालो. थोडं चालल्यावर लक्षात आलं की पावलं दोघींचीच वाजताहेत. नेलिदा थांबली असणार.

"बघायचंच आहे तर नीट बघ, रडत बघू नकोस," म्हातारी मान न वळवता ओरडली.

"रडत नाहीये!" मागून आवाज आला. तो रडकाच होता.

मी घाबरून थबकले. म्हातारीने माझी बाही धरून ओढली. "तू चल. नवरा तिचा आहे. तिचं ती बघेल."