पाने पाटावर असताना

"पान्याला आज हात लावणार न्हाई म्हंजी न्हाई. दुसरं काय बी सांग, करतो."

महारुद्र मिस्त्री गॅरेजच्या दारात उकिडवा बसून फरशीवरचं वर्षाचं काळं ऑइल सोड्यानं घासत होता. खंडेनवमी होती. पाने, पेचकस, हातोडी सगळं डिझेलनं धुऊन, हळदीकुंकू लावून आत पाटावर मांडलेलं. समोर भुजंग मोटारसायकलवरच बसून होता. त्याची जुनी पिकअप रानात झेंडूनं भरून उभी होती आणि सुरू होईना. पुढं बांध, चाकं काळ्या चिखलात, धक्का मारायलाही जागा नाही. गावातले ट्रॅक्टर हार घालून बसलेले. दिवस मावळायच्या आत झेंडू परभणीला पोचला नाही, तर दसऱ्याच्या दुपारनंतर तो शेळ्यांनाच घालायचा.

"एकच पाना द्या, मामा. खोलायचं मी बघतो."

"तुझ्या घरचा इळा कुठं हाय?"

भुजंगच्या घरचा विळाही पाटावरच होता.

आतून मिस्त्रीची बायको बबिता म्हणाली, घ्या की एक, धुऊन परत ठेवा, देव काय मोजाय बसलाय का. नवरा देवळात जाणाऱ्यातला नव्हता, हे तिला ठाऊक होतं. पूर्णेला उस्तादाच्या हाताखाली शिकला, त्याला तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत लोखंडाला सुट्टी मिळायची ती एवढीच, आणि ती मोडायला त्याचं मन घेईना. पण तीन महिन्यांचं पीक चिखलात उभं आहे, हेही त्याला कळत होतं. त्यानं हात धुतले आणि रिकाम्या हातानं भुजंगच्या मागं बसला.

रानात गेल्यावर भुजंगनं किल्ली फिरवली. दिवे लागले, टक झालं, दिवे गेले.

"सेल्फच गेलाय, मामा. टक करायलाय अन् गप बसायलाय."

मिस्त्रीचा हात सवयीनं मागच्या खिशाकडं गेला. तिथं पाना नव्हता. मग त्यानं हॉर्न मारायला सांगितला. हॉर्न खणखणीत वाजला. म्हणजे बॅटरीत जीव होता. आता करायला हाताशी काही नाही, म्हणून त्यानं विचारलं, काल गाडीला काय केलंस? भुजंग म्हणाला, काही नाही, सणाची धुतली. अजून काय? अजून काही नाही. मग म्हणाला, बॅटरीखालचा पत्रा लय गंजला होता, बॅटरी काढून तिथं निळा रंग मारला.

मिस्त्रीनं त्याला तीनदा किल्ली फिरवायला लावली आणि एकेका वायरीवरून बोट फिरवत गेला. सगळ्या गार. काळ्या वायरीचं टोक चेसिसला कसलं होतं, तिथं मात्र बोट चटकलं. टोक ताज्या निळ्या रंगावर बसलं होतं.

"रंगावर अर्थिंग बसवलंस व्हय रं. करंटनं परत जायचं कुठून?"

नट नुसता पकडीनं कसलेला. पोत्याचा तुकडा धरून पिळल्यावर हातानंच सुटला. मिस्त्रीनं गाडीची किल्ली मागून घेतली आणि तिच्या दातांनी लोखंड चकाकेपर्यंत रंग खरवडला. वायर बसवली, नट बोटांनी आवळला आणि किल्ली परत दिली. गाडी पहिल्याच झटक्यात धूर सोडत उठली, मागंपुढं होत चिखलातून निघाली.

"नुसतं हातानं आवळलंय. परभणीत माल उतरंस्तोर बंद करू नको. परवा ये, पान्यानं कसून देतो."

भुजंग खुशीत होता. मोटारसायकल रानातच ठेवून तो मिस्त्रीला पिकअपमधून सोडायला निघाला. वाटेत म्हणाला, बघा, पाना लागलाच न्हाई.

मिस्त्री हसला नाही. खिशात पाना असता तर आपण आल्या आल्या गाडीखाली शिरलो असतो. सेल्फ उतरवला असता, साफ करून परत चढवला असता, आणि दुपार टळून गाडी तिथंच राहिली असती. गेल्या वर्षी याच गाडीचा सेल्फ आपण उतरवला होता. तेव्हा आधी काय काय विचारलं होतं, ते त्याला आठवेना. विचारलंच नसेल. अशा किती गाड्या झाल्या असतील, तेही आठवेना.

भुजंगनं दारात सोडताना ओंजळभर झेंडू दिला. मिस्त्रीनं तो पाटावर पान्यांपाशी ठेवला. झाली का सुरू, बबितानं विचारलं. झाली म्हणाला.

फरशीवरचा सोडा वाळून पांढरा पडला होता. त्यानं वर तांब्याभर पाणी मारलं आणि सोडलं होतं तिथून घासायला लागला.