निघतो म्हणणारे शेजारी

आमच्या शेजाऱ्यांइतका सावकाश निरोप घेणारा दुसरा माणूस आमच्या सिंदी मेघे गावात जन्मायचा असता, तर तो अजून आईच्या पोटाचाच निरोप घेत बसला असता. "निघतो भाऊ" म्हटल्यावर ते दुसरा चहा घेत, चपला घालून देशाचं राजकारण मार्गी लावत आणि फाटकाशी पोचल्यावर आमच्या बोरीच्या झाडाच्या तब्येतीची चौकशी करत. असा माणूस मध्यंतरी घर कायमचं सोडून गेला. त्याला लागलेला वेळ सांगितला तर कुणाचा विश्वास बसणार नाही.

मी याला स्वभाव म्हणे; ते तत्त्व म्हणत. एकच माहिती अनेक संगणकांवर वाटून ठेवणारं सॉफ्टवेअर ते घरबसल्या लिहीत. त्यातलं यंत्र बंद कसं करावं, यावर त्यांच्या कंपनीत दोन पंथ होते. पहिला म्हणे, बटन दाबा. वीज काय विचारून जाते? शेजारी दुसऱ्या पंथाचे. "हातातलं लिखाण पुरं करावं, काम सोबत्याले सोपवावं, मंग डोळे मिटावे. नाईतर उठल्यावर सावरण्यातच अर्धा दिवस जाते, भाऊ."

मागच्या खोलीत त्यांची अशी तीन यंत्रं होती आणि माझ्या मुलीच्या लग्नाचे फोटो त्यांच्यावरच. उन्हाळ्यात वादळानं वीज गेली, इन्व्हर्टर केकाटू लागला. शेजाऱ्यांनी पहिल्या यंत्राला रीतसर निरोप घ्यायला लावलं. त्यानं आपला भार दुसऱ्याला दिला. दुसरं तिसऱ्याला देऊ लागलं. तिघांनाही निजायचंच आहे, हे फक्त शेजारच्या वहिनींच्या ध्यानात आलं. "अवो, सगळेच चालले ना गावाले! मंग चाबी कोणाले देऊन राह्यले?" तेवढ्यात इन्व्हर्टरनंच प्राण सोडला. वीज आल्यावर यंत्रं अर्धवट लिखाण तपासत बराच वेळ कुरकुरली, पण फोटोंतले जावई सुखरूप बाहेर आले. दोन्ही पंथांनी आपापला विजय जाहीर केला.

मग कंपनीनं शेजाऱ्यांना कायमचं पुण्याला बोलावलं. आता निरोपाला दिवाळी उजाडणार, असं आम्ही धरून चाललो. त्यांनी तुळस सेलूच्या मावशींकडे पोचवली, मांजर समोरच्यांच्या अंगवळणी पाडलं, फोटो माझ्या स्वाधीन केले. निघायच्या दिवशी मी मोठं पातेलं भरून चहा ठेवला. ते फाटकाशीच थांबले.

"येतो भाऊ."

"अहो, चहा?"

"सगळं सोपवून झालं. आता बसलो तं उठणं होत नाई."

आणि गाडी वळणाआड गेलीसुद्धा. बोरीची चौकशी तेवढी राहून गेली. ती हल्ली मीच करतो, फाटकाशी उभा राहून, चहा निवेपर्यंत.