तिघांत एक कॉम्प्युटर

तीन एकटे पुरुष एका ऑफिसात असले की किस्से साठतच जातात. घरी ऐकवायला कुणी नसतं ना! आमचं ऑफिस भिंगारला. मी, खर्ड्याचा साळवे आणि कोल्हारचा सॅम्युएल गायकवाड. तिघंही भाड्याच्या खोल्यांत राहायचो. अठ्ठ्याण्णव साल असेल.

सॅम्युएलनं पुण्यात भाच्याकडे गाड्यांच्या शर्यतीचा गेम पाहिला आणि सोमवारी येऊन जाहीर केलं, "आपण कॉम्प्युटर घ्यायचा!" एकट्याच्या पगारात ते जमणारं नव्हतं. मग वाटणी केली. कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर, कीबोर्ड माझा. मॉनिटर सॅम्युएलचा. रॅम, हार्ड डिस्क, साउंड कार्ड, स्पीकर साळवेचे.

*

नगरच्या दुकानदारानं स्वस्तातला प्रोसेसर पुढं केला. "ऑफिसच्या कामाला हा भरपूर झाला."

साळवे म्हणाला, "ऑफिसचं काम आमी ऑफिसात बी करीत न्हाई!"

"बिल कुणाच्या नावावर?"

"तीन करा. उद्या भांडान झालं तर?"

"फर्म आहे का तुमची?"

"न्हाई, गेम खेळायचाय!"

*

कॉम्प्युटर माझ्या खोलीवर मांडला आणि भांडण झालंच. साळवे सलग सहा वेळा हरला. उठला, स्क्रू काढले, स्वतःची रॅम शर्टाच्या खिशात घातली आणि चालता झाला! आठवडाभर अबोला. ऑफिसात चहासुद्धा वेगवेगळा.

रविवारी दार वाजलं.

"रॅम आनलीय," साळवे म्हणाला. "खोलीवर एकट्यानं तिचं करायचं काय?"

*

मग साळवेचं लग्न झालं, जामखेडला बदली झाली. मी त्याचे पार्ट खोक्यात भरायला लागलो, तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या हितंच. आता बोलायला मानूस हाय घरात!"

*

सॅम्युएलची बदली नाशिकला. मी म्हणालो, "मॉनिटर राहू दे इथं."

"तिथं ओळखीचं कुणी नाही रे," तो म्हणाला.

एसटीत कंडक्टर ओरडला, "टीव्ही मांडीवर घ्या, नायतर त्याचं तिकीट काढा!" सॅम्युएलनं काढलं की तिकीट! मॉनिटरला खिडकीशी बसवलं. गाडी सुटताना खिडकीत मला फक्त मॉनिटरच दिसला.

*

पुढं मी खोलीवर फोन घेतला. वाजायचा क्वचितच. एका रविवारी दुपारी वाजला. सॅम्युएल, नाशिकच्या एसटीडी बूथवरून.

"काय करतोस?"

"काही नाही. तू?"

"मॉनिटर पुसला."

तिकडं मीटर पळत असणार. मग म्हणाला, "चालू कर ना. आवाज तर येईल."

मी कॉम्प्युटर चालू केला. हाताच्या सवयीनं गेमचं नाव टाइप केलं, एंटर मारलं. इंजिन घरघरलं. रिसीव्हर खांद्यात धरून स्पीकर जवळ ओढला.

"आलं ऐकू! सरळ जाऊ दे... जाऊ दे... आता डावीकडे! पुढं पूल आहे, ब्रेक मार, ब्रेक!"

मी ब्रेक मारला.

"गेली का रे पुलावरून?"

समोर नुसती भिंत होती.

"गेली," मी म्हणालो.