घरात बसलेलं मत

"तू बस गं खाली. तुमच्या गल्लीच्या मतांचा काय भरवसा? आदल्या रात्री दुकानवाल्याची साडी आली की मारलाच शिक्का उभ्या बाटलीवर."

वहिनीसाहेब हे माइकवर बोलल्या. तालमीच्या हॉलमध्ये, दारूचं दुकान बंद करायच्या भरल्या सभेत. मी नुकतीच उठून उभी राहिले होते. त्या दुकानापायी माझ्या नवऱ्याचं काम कसं गेलं, एवढंच मला सांगायचं होतं. खुर्च्यांवरच्या बायका हसल्या. सतरंजीवर आमच्या गल्लीतल्या होत्या, त्यांनी माना खाली घातल्या. मी बसले.

आमच्या गल्लीच्या तोंडालाच देशी दारूचं दुकान आहे, निळ्या झेंड्याच्या शेजारी. ते ठेवायचं की बंद करायचं, हे वॉर्डातल्या बायकांनी मत देऊन ठरवायचं होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू. आडवी म्हणजे बंद. वॉर्डातल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली तरच दुकान जाणार. म्हणजे जी घरात बसली, तिचं मत आपोआप दुकानवाल्याला. हे सभेत नीट समजावून सांगितलं होतं. खुर्च्यांवर ऐकलं कुणी, देव जाणे.

वहिनीसाहेबांच्या बंगल्यात मी स्वयंपाक करायची. मागच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर. तोंडावर 'तुम्ही', मनात 'ती'. त्या दिवशी राग मला नंतर आला. आधी मी जळले. माइकवर तिचा आवाज कापत नाही म्हणून जळले. तिचं बोलणं लोक लगेच खरं धरतात म्हणून जळले.

आणि एक. तिचा नवराही पितो. रोज. सोफ्यावर बसून, काचेच्या ग्लासात, मी भाजलेल्या पापडाबरोबर. जास्त झाली की ती त्याला आतल्या खोलीत नेते आणि दार लावून घेते. संपलं. सकाळी तो पुन्हा साहेब. माझ्या नवऱ्याच्या पिण्याला दार नाही. तो गटारीच्या कडेला पडतो आणि माझी पोरगी कॉलेजला जाताना त्याला ओलांडून जाते. तिच्या पाटल्यांवर माझा डोळा कधीच नव्हता. त्या दारावर होता.

मतदान रविवारी होतं. शनिवारी ती म्हणाली, "उद्या लवकर ये. पाव्हणे आहेत. तांबडा-पांढरा करायचाय."

"उद्या मतदान हाय की, वैनीसाहेब."

"मग? तुझ्या एका मतानं काय दिवे लागणारेत? उरकलं की जा."

मटण शिजून, पंगती उठून, भांडी होईतोवर दिवस मावळतो. हे तिला माहीत होतं. मी हात धुतले, पदराला पुसले.

"उद्या येणार न्हाय."

"काय म्हणालीस?"

"न्हाय म्हणाले. येणार न्हाय."

त्या घरात 'न्हाय' हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला.

साड्या आल्या, खोटं कशाला सांगू? दुकानवाल्याचा माणूस दारादारात ठेवून गेला. आमच्या बायकांनी त्या ठेवून घेतल्या. सकाळी त्याच नेसून रांगेत उभ्या राहिल्या, म्हाताऱ्यांना हाताला धरून आणलं, आणि आडव्या बाटलीवर शिक्का मारला. संध्याकाळी मोजणी झाली. आडवीला ढीगभर, उभीला मूठभर. तरी दुकान राहिलं. निम्मा आकडा गाठला नव्हता. बंगल्यांच्या बाजूच्या बायका आल्याच नव्हत्या.

सोमवारी कामावर गेले. कालची खरकटी भांडी माझ्यासाठी तशीच रचून ठेवलेली. ती दारातच म्हणाली, "तू आली नाहीस, मला दिवसभर गॅसपुढं राबावं लागलं. तुझ्यामुळं माझं मत बुडालं. आणि हे बघ, मी काही उभ्या बाटलीला मत दिलेलं नाही. नुसती गेले नाही."

नुसती.

मी म्हणाले, "घरात बसला म्हंजे उभ्या बाटलीलाच मत दिलंसा की, वैनीसाहेब. आमाला निदान साडी तरी मिळाली. तुमी तर फुकट दिलंसा."

ती म्हणाली, "उद्यापासून येऊ नकोस." मी हॉलमधून, सोफ्याच्या कडेनं, पुढच्या दारानं बाहेर पडले.

आता दुसऱ्या घरी पोळ्या लाटते. नवरा अजून तिथंच पडतो. माझं जळणंही थांबलेलं नाही. तिच्या घराचं बंद दार दिसलं की अजून पोटात आग पडते, आणि ती मला विझवायचीही नाही. मतदान पुन्हा मागता येतं, थोडं थांबावं लागतं एवढंच. मी थांबेन. त्या वेळच्या सभेत माइक माझ्या हातात असेल आणि मला कुणी खाली बसवणार नाही. मतदानाच्या सकाळी मी बंगल्यांच्या रांगेत एकेक बेल वाजवणार. पुढच्या दाराची. पहिली वहिनीसाहेबांची. मत मागायला नाही, त्यांना हाताला धरून रांगेत उभं करायला.

घरात पाव्हणे असले तर बसतील उपाशी.