दुसरी सही

"खात्यात पैसे दिसले की ते आपलेच, असं समजणारा माणूस चोर नसतो, पण चोराच्या शेजारी राहायला आलेला असतो," आत्या एकदा जेवताना म्हणाली होती. बाबा हसले. ते शिंपी, त्यांच्या मते पैसा काय नि कापड काय, कात्री ज्याच्या हातात त्याचं.

आत्या हिशेबनीस होती. एका भागीदारासोबत तिचं छोटं ऑफिस होतं. लोक तिच्याकडे घराचा विसार, कराची रक्कम, वाटणी व्हायची असलेला वारसा असं काय काय ठेवायला देत. ते सगळं विश्वस्त खात्यात जाई. खातं ऑफिसच्या नावाचं, पण त्यातल्या पैशाला ऑफिसने हात लावायचा नाही. ऑफिसचं भाडं, पगार, चहा यांचं खातं निराळं. विश्वस्त खात्याच्या चेकवर भागीदाराची एक आणि आत्याची एक, अशा दोन सह्या लागत. महिनाअखेर ती प्रत्येक अशिलाची शिल्लक वेगळी मांडून बेरीज बँकेशी जुळवायची. जुळली की घरी येताना जिना गुणगुणत चढायची. आम्हाला खालूनच कळे.

बाबांनी भाड्याचं दुकान विकत घ्यायचं ठरवलं, तेव्हा घरात कुणाचे पाय जमिनीवर नव्हते. "जन्मभर लोकांची मापं घेतली, आता भिंतींची घेतो," म्हणत त्यांनी गळ्यातल्या टेपने सगळं दुकान मोजलं. आरसा कुठे, पडदा कुठे, मालकासमोरच आईशी भांडणसुद्धा होऊन गेलं. कर्जाचा चेक आत्याच्या विश्वस्त खात्यात भरला. तिथून मालकाला पैसे गेले की किल्ली आमची.

दुसऱ्याच दिवशी सकाळी बाबा आणि मी ऑफिसात होतो, तेवढ्यात मालक हजर. त्याला जास्त भाव देणारा कुणी भेटला होता. आत्ता चेक द्या, नाहीतर दुपारी मी त्याला शब्द देतो, म्हणाला. भागीदाराने खातं पाहिलं, रक्कम जमा दिसत होती. त्याने खुशीत चेक लिहिला, सही ठोकली आणि आत्याकडे सरकवला. बाबा खुर्चीच्या टोकावर. मी त्यांच्या मागे उभी.

आत्याने बँकेला फोन लावला. ऐकलं, ठेवला. म्हणाली, चेक अजून वटलेला नाही. नुसता भरलाय, म्हणून जमा दिसतोय.

भागीदार हसला. एका दिवसाचा तर प्रश्न, खात्यात ढीगभर पडलेत, उद्या वटला की भोक आपोआप बुजेल.

"ढिगातल्या दाण्यादाण्याला मालक आहे," आत्या म्हणाली. मग बाबांकडे वळली. "तूच सांग, कुणाचे घेऊ? त्या नर्सबाईंचा घराचा विसार आहे. घड्याळवाल्यांचे कराचे आहेत. ती दोन पोरं आहेत ना, वडील गेलेली, त्यांची फी आहे. कुणाचे?"

बाबा त्या सगळ्यांना ओळखत. नर्सबाईंचे युनिफॉर्म तेच शिवत. बाबांचा चेहरा लाल झाला. आत्याने स्वतःची बचत तरी खात्यात टाकावी, ते म्हणाले. तेही चालत नाही, ती म्हणाली. आपला पैसा त्यात मिसळला की कुठला कुणाचा हे सांगता येत नाही. आणि तिच्या बचतीत दुकान काय, दुकानाचं शटरही आलं नसतं.

"तू बहीण आहेस की तिजोरी?" बाबा म्हणाले.

आत्याने चेकवर दोन आडव्या रेघा मारल्या, मध्ये 'रद्द' लिहिलं.

मालक उठला. माझ्या डोळ्यांपुढे दुकान आलं, आरसा नसलेलं, परक्या कुणाच्या दिव्यात. तो दारापर्यंत गेला. कडीवर हात ठेवून थांबला. त्याच्या बाकीच्या गाळ्यांचं भाडं आत्याचंच ऑफिस गोळा करी. वळून त्याने विचारलं, "बाई, माझं भाडं? तेही याच खात्यात?"

"याच."

"म्हणजे तुम्ही आता सही केली असती तर..."

"तुमच्याच पैशातून तुम्हाला दुकानाची किंमत दिली असती. थोडी नर्सबाईंच्याही."

मालक परत येऊन बसला. रद्द चेक उचलून बघितला. मग म्हणाला, त्या दुसऱ्याला मी 'नाही' म्हणून कळवतो. तुमचा चेक वटू दे, मग बोलवा. आणि बाबांना, तिरकस हसत: "आरसा डाव्या बाजूला लावा हो, उजवीकडे ओल येते."

एकच गलका झाला. भागीदाराने टेबलावर थाप मारली, त्याच्या कपातला चहा सांडला, कुणाला पर्वा नव्हती. मी आईला फोन केला आणि धड काही सांगताच येईना. बाबा मालकाचा हात सोडत नव्हते. ओल कुठून येते, किती येते, विचारत होते, हसत होते, डोळे पुसत होते. मग त्यांना आत्या दिसली.

ती टेबल आवरत होती. बाबा जवळ गेले. "ताई," म्हणाले. मघाचं तिजोरीचं वाक्य अजून खोलीतून गेलेलं नव्हतं. आत्याने त्यांची कॉलर, एका बाजूला दुमडलेली, सरळ केली. खुर्चीवरची पिशवी खांद्याला अडकवली, दार उघडलं आणि बाहेर पडली.