आईच्या पानावरचा रोहू

माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, दोनच गोष्टींवर ठाम मतं आहेत. एक धरणाचं पाणी आणि दुसरं माझं गाडी चालवणं. दोन्हींबद्दल त्यांना कुणी विचारावं लागत नाही.

म्हैसूरहून तासा-दीड तासावर कबिनी धरणाचा फुगवटा आहे. वर्कशॉपात नोकरीला होते तेव्हापासून अण्णा दर रविवारी तिथे गळ टाकून बसत आले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे खरा मोसम उन्हाळ्याचा. पाणी ओसरतं, मासे खोल जागी गोळा होतात, माणसाने फक्त सावली शोधायची. थंडीत पाणी स्वच्छ असतं, पण मासा आळशी. पावसाळ्यात वायनाडकडचं लाल पाणी येतं, मासा अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर जातो, तेव्हा शहाण्याने घरी बसावं. आणि पाऊस सरता सरता धरण तुडुंब होतं, पाणी काठच्या गवतात शिरतं. त्या बुडालेल्या गवतात माशाला फुकटचं इतकं खायला मिळतं की गळाला लावलेल्या रागीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाकडे तो ढुंकूनही बघत नाही. हे सगळं मला अण्णांनी शिकवलंय. मी शिकवा म्हटलं नव्हतं.

आमचं महालय नेमकं याच दिवसांत येतं. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत चाकरीला आले, घरात मराठी टिकली आणि बाकी बरंच काही इथलं झालं. सर्वपित्रीला आम्ही पितरांसाठी केळीची पानं मांडतो. त्याला एडे म्हणतात. पानावर गेलेल्या माणसाच्या आवडीचं वाढायचं, मग सगळ्यांनी बाहेर येऊन दार लोटून घ्यायचं, म्हणजे पितर निवांत जेवतात. पुण्याहून आलेल्या माझ्या शेजारणीने कौतुकाने विचारलं, "खीर, वडे असतील ना?" मी म्हटलं, आजोबांना मटण आणि काकांना बिडीचं बंडल नि क्वार्टर. तेव्हापासून ती माझ्याशी जरा जपून बोलते.

गेल्या वर्षी आईचं पहिलं पान होतं. वर्षश्राद्ध उन्हाळ्यातच झालं होतं. आईला धरणातल्या रोहूची तळलेली तुकडी फार आवडायची, त्यामुळे काय वाढायचं हा प्रश्नच नव्हता. अण्णांनी आधीच जाहीर केलं, "रोहू मीच पकडून आणणार."

"अण्णा, धरण भरलंय. आत्ता मासा लागत नाही असं तुम्हीच सांगता."

"हौदु, खरंय. लागत नाही."

"मग सुम्ने, सरळ मार्केटातनं आणू की."

"बेडा, नकोच. विकतचा तिच्या पानावर नको."

यापुढे अण्णांशी बोलण्यात अर्थ नसतो. अमावस्येच्या आदल्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांना गाडीतून घेऊन गेले. वाटेत मी चार वेळा उगाच ब्रेक मारले असं मला समजलं.

उन्हाळ्यात जिथे अण्णा बसतात ती जागा पाण्याखाली होती. बाभळींचे नुसते शेंडे दिसत होते. पाणी चहासारखं. अण्णांनी रागीचं पीठ लावून बघितलं, शेंगदाण्याची पेंड लावली, शेवटी गांडुळं लावली. दुपारपर्यंत तळहाताएवढी एक जिलेबी लागली. जिलेबी म्हणजे इकडची तिलापिया, गोड काही नसतं. अण्णांनी तिला नावं ठेवून परत सोडलं.

मग बांबूच्या गोल तेप्प्यातून, म्हणजे टोपलीसारख्या होडीतून, एक मच्छीमार काठाला आला. अण्णांची त्याची जुनी ओळख असावी. जाळ्यातला चांगला मोठा रोहू वर धरून तो कन्नडात म्हणाला, "काय यजमान्रे, बाजूला ठेवू? दर पावसाळ्यात घेताय की नेहमीचा."

अण्णा म्हणाले, या वर्षी नको. तो थोडा पुढे जाऊन जाळं आवरत बसला. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा पाण्याकडे.

"पावसाळ्यातले सगळे त्याचेच," थोड्या वेळाने ते म्हणाले. "रिकाम्या हाताने कसं जायचं? ती मसाला वाटून बसायची."

"मग आत्ताच काय अडलं?"

"तेव्हा तिला दिसत नव्हतं. आता वरून सगळं दिसतं."

पाण्याची पातळी सांगावी तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. मला आधी हसू आलं आणि लगेच रडू.

कारण आईला सगळं माहीत होतं. मासा साफ करायला घेतला की ती पहिल्यांदा त्याचं तोंड उघडून बघायची. मी शाळेत असताना तिने मलाही दाखवलं होतं. गळाला लागलेल्या माशाच्या ओठाला भोक असतं. "याला बघ, काही नाही. जाळ्यातला." आणि मग बाहेर ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "मोठाच लागला की हो आज!" बाहेर अण्णा पाण्याचा प्रवाह कसा होता ते सांगू लागले आणि आई हो हो म्हणत खवले काढत राहिली.

कुणाला सांगू नको, असं आई म्हणाली होती. पण समोर हा माणूस गांडुळांचा डबा घेऊन अंधार पडेपर्यंत बसायच्या तयारीत होता. मी सांगून टाकलं.

अण्णांनी गळ पाण्याबाहेर ओढला. मग म्हणाले, "मग बोलली का नाही कधी?"

"मसाला वाटलेला असायचा."

त्यांनी दोरी गुंडाळली आणि तेप्पेवाल्याला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी पानं मांडली. रोहूच्या तुकड्या अण्णांनी स्वतः तळल्या, एका बाजूने जरा करपवल्या. आईच्या पानावर त्यातली बरी तुकडी ठेवली. नमस्कार करून मी, भाऊ, वहिनी असे आम्ही सगळे बाहेर आलो. अण्णाही आले, दारापाशी थांबले, पुन्हा आत गेले आणि त्यांनी आतून दार लोटून घेतलं. असं कुणी करत नाही. वहिनी माझ्याकडे बघू लागली. मी तिला थांब म्हणून खूण केली.

आतून आवाज येत होता. पाणी अजून लाल आहे. धरण भरलंय. मासा गवतात गेलाय.

"विकतचा आहे," अण्णा म्हणाले. "आधीचे पण. तुला ठाऊक होतं म्हणे." आणि मग अगदी हळू, "सांगायचंस की गं. पावसाळ्यातले रविवार तरी घरी तुझ्यापाशी बसलो असतो."

आम्ही कुणीच दार वाजवलं नाही.