अध्यक्षबाई गैरहजर

आमच्या मंडळाची इतिवृत्ताची वही जवळजवळ कोरी आहे. सभेत जे घडतं ते लिहिण्यासारखं नसतं, आणि लिहिण्यासारखं जे असतं ते घडत नाही! मग न लिहिलेलं सगळं माझ्याकडे साचतं. अध्यक्ष ना मी! चहाला कोणी विषय काढला की एकेक बाहेर पडतं.

मंडळ म्हणजे पेण आणि रोहा तालुक्यांतल्या आदिवासी वाड्यांवर शिकवणाऱ्या आम्हा मास्तर-बायांचं. डोंगर चढायचा, घरोघर हिंडून मुलं गोळा करायची, आणि दम खाऊन शिकवायला लागायचं. एवढं सगळं एकट्याने करणारी माणसं एकत्र आली की काय होतं, ते ऐका.

*

अध्यक्ष पेणचा की रोह्याचा, यावर पहिल्या सभेत दोन तास भांडण झालं. मी तिथे नव्हतेच. माझी एसटी वडखळला बंद पडली होती.

शेवटी आमचे सचिव म्हात्रे सर उठले. “बाईंचं घर पेणला, शाळा रोह्यात. कोणाचीच तक्रार नको. आणि मुख्य म्हणजे त्या इथे नाहीत, त्यामुळे नाही म्हणू शकत नाहीत!”

टाळ्या. ठराव एकमताने मंजूर. मी घामाघूम होऊन पोचले, तर माझ्या हातात हार!

*

रोहेकरांचं कायम रडगाणं, “सभा नेहमी पेणलाच का?” आणि रुसून यायचेही नाहीत. म्हणून एकदा पेणवाल्यांनी ठरवलं, न सांगता रोह्याला जायचं आणि त्यांना खूश करायचं. सगळे रेल्वेने गेले. मी पेणलाच मागे राहिले होते, घरचं काम निघालं होतं.

सभेच्या वेळेला म्हात्रे सरांचा रोह्याहून फोन. “बाई, इथे चिटपाखरू नाही हो!”

मी म्हटलं, “कसं असेल? सगळे रोहेकर माझ्यासमोर बसलेत. तुम्हाला खूश करायला पेणला आलेत!”

वहीत त्या दिवसाची नोंद मात्र आहे. दोन्हीकडे गणपूर्तीअभावी सभा तहकूब.

*

म्हात्रे सर पेणजवळच्या जोह्याचे. घरात गणपतीचा कारखाना. सीझनमध्ये शाळा सुटली की सर मुकुटांना सोनेरी रंग देत बसतात, आणि तसेच सभेला येतात. एकदा आम्ही विस्तार अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला. वाड्यांवरच्या शाळांना पाण्याच्या टाक्या हव्या होत्या. त्याआधी अर्ज महिनाभर टेबलावर पडून राहायचे. हा तिसऱ्या दिवशी मंजूर!

साहेब मला म्हणाले, “बाई, तुमच्या मंडळाने शिक्का भारी बनवलाय. एकदम सोनेरी!”

अर्जाच्या खाली सरांचा अंगठा उमटला होता. तेव्हापासून महत्त्वाचे अर्ज आम्ही गणपतीच्या सीझनमध्येच देतो.

*

आता चांगुणा. माझ्या वाडीवरची, कातकऱ्यांची पोर, चौथीतली. मला ‘तू’ म्हणते. वाडीवर सगळेच म्हणतात, मला काही वाटत नाही.

मंडळाने एक प्रशिक्षण ठेवलं होतं. पुण्याहून तज्ज्ञ आले होते. मुलांना त्यांच्या परिसरातून शिकवा, असं सांगून त्यांनी खेकड्याचं मोठं चित्र लावलं आणि नमुन्यादाखल आणलेल्या चांगुणाला विचारलं, “बाळ, याला पाय किती?”

चांगुणाने चित्र नीट बघितलं. “पकडायच्या आधी का नंतर?”

तज्ज्ञ पुन्हा चित्राकडे बघू लागले.

“नाय, पकडल्यावर आमी नांग्या मोडतो. म्हणून इचारलं.”

पोरगी चोख आहे. अर्धवट प्रश्नाला उत्तर देत नाही आणि एकदा सांगितलेलं विसरत नाही. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

*

दिवाळी झाली की आमच्या वाड्या रिकाम्या होतात. घरंच्या घरं वीटभट्टीवर निघतात, मुलांसकट. यंदा माझ्या अकरा मुलांपैकी सात गेली. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी चांगुणाला वही आणि खडूंचा बॉक्स दिला. “तू मॉनिटर. रोज हजेरी घ्यायची आणि पाढे म्हणून घ्यायचे.”

“आन् तू?”

“मी येते ना आठवड्याभरात.”

गेले नाही. मंडळाची कामं! आज अलिबागला निवेदन, उद्या रोह्याला सभा, परवा कोणाच्या तरी बदलीचं प्रकरण. दुसऱ्यांच्या शाळा वाचवत हिंडत होते आणि तीन महिने गेले.

मग माझ्याच शाळेचं पत्र आलं. पट कमी, शाळा खालच्या गावात विलीन करणार. मधे ओढा आणि तासाची वाट. पहिली-दुसरीची पोरं रोज एवढं चालणार नाहीत, घरीच बसणार. मी विस्तार अधिकाऱ्यांकडे धावले.

साहेब म्हणाले, “गेलेली मुलं शिकतायत असा लेखी पुरावा दाखवा, पटावर ठेवतो. नाहीतर सातही नावं कापावी लागतील.”

साहेबांच्याच जीपने आम्ही खोपोलीच्या पुढे त्या भट्टीवर गेलो. साहेब, म्हात्रे सर आणि मी.

चांगुणा हात पुसत आली. मी विचारलं, “वही कुठाय गो?”

“भिजली. खडू बी संपलं.”

म्हात्रे सरांनी माझ्याकडे बघितलं. संपलं सगळं, असंच मला वाटलं.

“पण हजेरी हाय,” चांगुणा म्हणाली आणि आम्हाला भट्टीमागे घेऊन गेली.

तिथे विटांची वेगळी रास होती. तिने रोज आईने थापलेली एक ओली वीट घेऊन तिच्यावर खिळ्याने हजेरी लिहिली होती. वर वार, खाली नावं, नावापुढे बरोबरची खूण. कोणी आजारी असेल तर ‘गै’, आम्ही हजेरीपटावर लिहितो तस्संच. मग वीट भट्टीत भाजून निघाली होती, अक्षरांसकट. मुकादम म्हणाला, “लिवलेली ईट कोन घेनार? म्हनून बाजूला ठेवल्या.”

साहेब उकिडवे बसले. वीस-पंचवीस विटा त्यांनी एकेक करून उचलून वाचल्या, मुलांकडून पाढे म्हणून घेतले, आणि उठून सरांना म्हणाले, “लिहा. सात मुलं, पटावर कायम.”

मला रडूच आलं. एवढ्यात साहेबांनी पुन्हा एक वीट हातात घेतली.

“मुलं सात आहेत ना? मग हे आठवं नाव कोणाचं? सगळ्या विटांवर ‘गै’ आहे.”

मी वाकून बघितलं. लिहिलं होतं, ‘बाई’.

तोंड कुठे लपवावं ते मला कळेना. साहेबांनी वीट जपून राशीवर ठेवली. मग चांगुणाला म्हणाले, “इतके दिवस कोणी गैरहजर राहिलं तर आम्ही नाव कापतो. तू नाही कापलंस?”

“येते बोललीय ना ती,” चांगुणा म्हणाली. “मग कसं कापायचं?”